डायँथस घरच्या कुंडीत: नवरात्रात बी, होळीपर्यंत फुलं

डिसेंबर उजाडला की नर्सरीच्या दारातच डायँथसची रोपं मांडलेली दिसतात. पांढऱ्या पाकळ्यांवर मधोमध गर्द लाल वर्तुळ, कुठे गुलाबी, कुठे जांभळट, आणि प्रत्येक पाकळीची कड बारीक दातेरी. दोन-तीन रोपं घरी येतात, पंधरा-वीस दिवस मन लावून फुलतात. मग खालची पानं पिवळी पडू लागतात आणि एके दिवशी रोप मान टाकतं. "हे थंड हवेचं झाड, आपल्याकडे नाही टिकत," असं म्हणून कुंडीत दुसरं काहीतरी लावलं जातं.

मला हे पटत नाही. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री १० ते १६ अंश हा देशावरचा हिवाळा डायँथसला चांगला मानवतो. रोप मरतं ते बहुतेक वेळा बुडखा ओला राहिल्यामुळे. बुडखा म्हणजे खोड मातीतून जिथे वर येतं तो बोटभर भाग. तिथे ओल साचली की बुरशी शिरते आणि मग खत, औषध, ऊन यातलं काहीच कामाला येत नाही. दुसरं कारण वेळेचं. फुललेलं रोप जानेवारीत घरी आणलं तर त्याचं निम्मं आयुष्य नर्सरीतच सरलेलं असतं. म्हणून माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे: बी वेळेवर पेरा आणि बुडखा कोरडा ठेवा. पुढे जे सांगतो आहे ते या दोन गोष्टी जमवण्यासाठीच.

कोणता डायँथस घ्यायचा

डायँथस या नावाखाली ३०० च्या वर जाती येतात. घरच्या बागेसाठी त्यातल्या तीन-चारच माहीत असल्या तरी पुरे.

चायना पिंक, म्हणजे डायँथस चायनेन्सिस, हा आपल्यासाठी सर्वांत भरवशाचा. उंची २० ते ३० सेंटीमीटर. बी पेरल्यापासून दहा-बारा आठवड्यांत फूल देतो आणि त्यासाठी त्याला कडाक्याची थंडी लागत नाही. याच्या फुलांना वास जवळजवळ नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. लवंगेसारख्या सुगंधाची फार तारीफ ऐकू येते, पण तो सुगंध कार्नेशनचा आणि युरोपातल्या काही जुन्या 'पिंक' जातींचा ('पिंक' हे डायँथसचंच इंग्रजी नाव, इथे रंग नव्हे).

स्वीट विल्यम, म्हणजे डायँथस बार्बेटस, एका दांड्यावर फुलांचा गुच्छ धरतो. मूळ स्वीट विल्यम द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी पानं वाढवायची, कडक थंडीत काही आठवडे काढायचे आणि दुसऱ्या वर्षी फुलायचं, असा त्याचा क्रम. पुण्या-मुंबईत, नागपुरात ती थंडी मिळत नाही आणि मधला पावसाळाही त्याला सोसत नाही. पाकिटावर 'द्विवर्षायू' लिहिलं असेल तर ते बी घेऊ नका. पहिल्याच हंगामात फुलणारे वाण हवेत.

या दोन्हींच्या संकरातून तयार झालेले 'टेलस्टार', 'आयडियल' यांसारखे संकरित वाण फार चांगले. रोप बुटकं आणि भरगच्च राहतं, आपोआप फुटवे फोडतं आणि फेब्रुवारी-मार्चचं ऊनही साध्या चायना पिंकपेक्षा जरा जास्त सोसतं. बी महाग पडतं, पण कुंडीसाठी मी हेच सुचवेन.

चौथा कार्नेशन. तोही डायँथसच. फुलवाल्याकडे लांब दांड्याचं जे कार्नेशन मिळतं ते पॉलिहाउसमध्ये मुळं फुटलेल्या कलमांपासून, जाळीच्या आधाराने वाढवलेलं असतं. पुणे जिल्ह्यात अशी पॉलिहाउस बरीच आहेत. घरच्या गच्चीत तसं फूल मिळवणं कठीण आहे. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत मोठा फरक पडला की कळीचं हिरवं आवरण एका बाजूने फाटतं आणि पाकळ्या तिथून बाहेर लोंबतात. हौस असेल तर बियांपासून होणारे 'शाबो' प्रकारचे कार्नेशन लावून पाहा. फुलायला पाच-सहा महिने घेतात आणि काठीचा आधार लागतो. नाशिक, पाचगणी अशा गार ठिकाणी ते जास्त जमतात.

वेळापत्रक आपल्या सणांचं

पाकिटावरच्या सूचना आणि इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरतात आणि फुलं उन्हाळ्यात येतात, कारण तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा सौम्य असतो. तेच वाचून आपण मार्चमध्ये बी पेरलं तर कोवळी रोपं एप्रिलच्या उन्हात सापडतात. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र तिथलंच वेळापत्रक पाळावं. तिथे काही जाती बर्फाखालीही जगतात आणि वर्षानुवर्षं फुलतात. बेंगळुरूच्या सौम्य हवेत तर हंगामाचं बंधन आणखी सैल होतं.

आपल्याकडे हिशेब सोपा आहे. गणपती गेले की माती आणि ट्रे तयार करायचे. घटस्थापनेच्या आसपास बी पेरायचं. दिवाळीच्या आगेमागे रोपं कुंडीत लावायची. नाताळच्या सुमारास पहिल्या कळ्या उमलतात, संक्रांतीला कुंडी भरलेली असते आणि होळीपर्यंत फुलं मिळतात. नवरात्र सप्टेंबरातच आलं असेल तर आठ-दहा दिवस थांबा, पाऊस पुरता जाऊ द्या. एकाच वेळी सगळं बी संपवू नका. निम्मं आता आणि निम्मं दोन-तीन आठवड्यांनी पेरलं तर बहर एकदम येऊन एकदम संपत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरण्यात अर्थ नाही. त्या रोपांना फुलं येईपर्यंत ऊन तापायला लागतं.

कोकणात आणि मुंबईत परतीचा पाऊस रेंगाळतो, हवा दमट असते आणि थंडी उशिरा येऊन लवकर जाते. तिथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, छपराखाली बी पेरा आणि हंगाम फेब्रुवारीपर्यंतचाच धरा. विदर्भात थंडी छान पडते, पण मार्चचं ऊन एकदम चढतं, म्हणून तिथे उशीर करून चालत नाही.

बी पेरणं

डायँथसचं बी काळपट, चपटं आणि बारीक असतं. एका ग्रॅममध्ये साधारण ८०० ते १००० बिया बसतात. चिमटीत धरून भुरभुरवलं की एकाच जागी वीस पडतात. त्यापेक्षा बी पांढऱ्या कागदावर काढा, काडीचं टोक पाण्यात बुडवा आणि त्या ओल्या टोकाने एकेक बी उचलून ट्रेच्या कप्प्यात ठेवा. वेळ लागतो, पण पुढे विरळणी करायची गरज उरत नाही.

रोपवाटिकेत वापरतात तो ९८ कप्प्यांचा प्रोट्रे उत्तम. नसेल तर तळाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबाही चालतो. त्यात भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्या. त्यात क्षार असतात आणि ते कोवळ्या मुळांना बाधतात. या मिश्रणात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) पावडर मिसळली तर रोपं कोलमडण्याचा धोका बराच कमी होतो.

बी दोन-तीन मिलिमीटर खोल, म्हणजे वर मिश्रणाचा पातळ थर येईल इतपतच झाका. पाणी झारीने घालू नका, बी वाहून जातं. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या किंवा स्प्रे वापरा. वर ओलसर वर्तमानपत्र अंथरून ट्रे सावलीत ठेवा. मातीचं तापमान १८ ते २२ अंश असलं की आठवडा-दहा दिवसांत बी उगवतं. ऑक्टोबर हीट चालू असताना ट्रे गच्चीवर ठेवाल तर मिश्रण फार तापतं. घरात, उत्तरेच्या खिडकीशी किंवा जिन्यात जागा शोधा.

पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी कागद काढा आणि ट्रे उजेडात आणा. सकाळचं कोवळं ऊन मिळालंच पाहिजे. ते मिळालं नाही तर रोप दोन दिवसांत दोऱ्यासारखं लांबतं आणि आडवं पडतं.

आता रोपाकडे जवळून पाहा. आधी दोन छोटी अंडाकृती पानं येतात, ती बीजदलं. मग मधून खरी पानं निघतात: अरुंद, टोकदार, निळसर झाक असलेली, नेहमी जोडीने, समोरासमोर. पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात येते आणि जिथून ती फुटते ते पेर किंचित फुगलेलं असतं. हे पेर ध्यानात ठेवा, शेंडा खुडताना ते लागणार आहे. रोप बुडाशी काळं, बारीक होऊन झोपलं, तर ती रोपकोलमड. ते रोप आजूबाजूच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून फेका, पाणी दोन दिवस बंद करा आणि ट्रे हवेशीर जागी हलवा. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने या दिवसांत गोगलगायीही फिरत असतात. एका रात्रीत अख्खा ट्रे साफ होऊ शकतो, म्हणून तो जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा.

तयार रोप घेणार असाल तर

प्रत्येकाला बियांचा खटाटोप जमणार नाही. तयार रोपं नोव्हेंबरात घ्या. जानेवारीच्या शेवटी पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, त्याच सुमारास मुंबईत राणीच्या बागेत भरतं. तिथे जाऊन रंग आणि वाण जरूर पाहावेत, नावं लिहून घ्यावीत. पण तेव्हा घेतलेलं रोप तुमच्याकडे महिना-दीड महिनाच राहणार आहे, हे समजून घ्यावं.

निवडताना फुलं मोजू नका, कळ्या पाहा. फुलांनी भरलेल्या रोपापेक्षा बुटकं, दाट, नुकत्या कळ्या धरलेलं रोप चांगलं. खालची पानं बोटाने बाजूला सारून बुडखा बघा. तो टणक आणि हिरवट हवा. काळा डाग, मऊपणा किंवा पांढरी बुरशी दिसली तर ते रोप परत ठेवा.

घरी आणल्यावर एक गोष्ट करायलाच हवी आणि ती सहसा कोणी करत नाही. नर्सरीतलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढलेलं असतं. तो गड्डा तसाच मातीत पुरला की आतलं कोकोपीट आणि बाहेरची माती वेगवेगळ्या वेगाने वाळतात. वरची माती कोरडी दिसते म्हणून आपण पाणी घालतो आणि आत कोकोपीट चिंब असतं. मुळं तिथेच गुदमरतात. म्हणून पिशवी फाडून गड्डा हातात घ्या, खालचा एक तृतीयांश भाग बोटांनी हलकेच मोकळा करा, सुटेल तेवढं कोकोपीट झटका आणि मगच लावा. उमललेली निम्मी फुलं त्याच वेळी कापून पेल्यात ठेवा. मुळांना सावरायला वेळ मिळतो.

माती आणि कुंडी

डायँथसला किंचित अल्कधर्मी ते उदासीन माती आवडते, सामू (pH) साधारण ६.५ ते ७.५. त्या दृष्टीने देशावरची माती आणि बोअरचं जड पाणी त्याला चालतं. अडचण असते ती काळ्या मातीच्या चिकटपणाची. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत उलट आहे. निचरा बरा असतो, पण माती आम्लधर्मी, म्हणून तिथे ८-१० इंची कुंडीला एक चहाचा चमचा शेतीचा चुना लावणीच्या दोन आठवडे आधी मिसळून ठेवावा. अंड्याच्या टरफलांची पूडही घालतात, पण ती इतकी हळू विरघळते की या एका हंगामात तिचा फारसा उपयोग होत नाही.

मिश्रण असं: चार डबे माती, दोन डबे जाड वाळू, दोन डबे पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक डबा कोकोपीट. माती काळी असेल तर चारऐवजी दोनच डबे घ्या आणि वाळू तीन डबे करा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. बांधकामावरची क्रश सँड चालते, मात्र ती चाळून खालची धूळ टाकून द्या, वरचे दोन-चार मिलिमीटरचे कण वापरा. ती धूळ मातीत गेली तर निचरा सुधारण्याऐवजी मिश्रण दगडासारखं घट्ट बसतं. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड आणि एक मोठा चमचा बोनमील (हाडांचा चुरा) टाका.

मिश्रण जमलं का, हे पाहायला एक चाचणी करा. कुंडी भरून नीट भिजवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा लिटर पाणी ओता. मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून उभं राहिलं तर आणखी वाळू मिसळा. रोप लावण्याआधीच हे करून घ्या, नंतर करता येत नाही.

कुंडी मातीची असेल तर सर्वांत चांगलं, कारण तिच्या अंगातून ओल उडून जाते. आठ इंची कुंडीत एक किंवा दोन रोपं, दहा इंचीत तीन, दोन फुटी लांबट कुंडीत पाच. वाफ्यात दोन रोपांत २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. मुळं फार खोल जात नाहीत, सहा-सात इंच खोली पुरते. तळाला खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, ती सोडा. त्या थरामुळे निचरा वाढत नाही, उलट ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापर पुरे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

लावणी

खऱ्या पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की रोप कुंडीत जायला तयार. संध्याकाळी लावा. ट्रेमध्ये ते जितकं खोल होतं तितकंच, किंबहुना केसभर वरच. टोमॅटोचं रोप आपण खोडासकट खोल पुरतो आणि ते चांगलं वाढतं. त्या सवयीने डायँथस खोल लावला तर बुडखा कुजतो. माझ्या पाहण्यात घरगुती बागेत डायँथस जाण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे.

लावल्यावर बुडख्याभोवती दोन बोटं रुंदीचं बारीक खडीचं कडं करा. त्यामुळे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत आणि पाणी घातल्यावर चिखल उडत नाही. वाळलेला पालापाचोळा बाकी झाडांना आच्छादन म्हणून चांगला, पण इथे बुडख्यापासून लांबच ठेवा. पहिले तीन-चार दिवस दुपारची सावली द्या, मग रोज पाच-सहा तास ऊन. पूर्वेची किंवा दक्षिणेची बाल्कनी योग्य. ऊन तीन तासच येत असेल तर रोप जगेल, पण फुलं मोजकी येतील.

शेंडा खुडणं

रोप ८ ते १० सेंटीमीटर उंच झालं, पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की मधला शेंडा खुडायचा. वरून तिसऱ्या जोडीच्या जरा वर खोड चिमटीत धरा आणि नखाने तोडा. मघाशी सांगितलेल्या पेरांमधून आठवड्याभरात दोन्ही बाजूंनी फुटवे निघतात. बहर दोन आठवडे पुढे जातो, पण दोन-तीन दांड्यांऐवजी आठ-दहा दांडे येतात. पहिली कळी दिसत असताना शेंडा तोडायला हात धजत नाही, तरीही तोडा. 'टेलस्टार'सारखे संकरित वाण स्वतःच फुटवे फोडतात. त्यांचा शेंडा खुडला नाही तरी चालतं.

पाणी

रोज ठरावीक वेळी ठरावीक तांब्या, असं डायँथसला करू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी. त्याहून सोपी खूण म्हणजे कुंडी एका कडेने उचलून पाहणं. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचला आणि तो भार लक्षात ठेवा. दोन दिवसांनी कुंडी हलकी लागली की वेळ झाली. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मातीच्या कुंडीला साधारण दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवसाआड किंवा रोज.

पाणी सकाळी, झारीची जाळी काढून, कुंडीच्या कडेकडेने घाला. पानांवर, फुलांवर आणि बुडख्यावर नाही. घालाल तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत पोटभर, आणि नंतर वाळू द्या. रोज घोटभर घातलेलं पाणी वरची माती कायम ओली ठेवतं आणि खालची मुळं कोरडी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. थंडीत संध्याकाळी पाणी टाळा. रात्रभर पानं ओली राहिली की करपा आणि तांबेरा येतो.

खत

डायँथस खादाड नाही. मिश्रणातलं शेणखत पहिला महिना पुरतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. कळ्या धरल्या की त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात. रासायनिक खत नको असेल तर शेणाची पातळ स्लरी, एकास दहा पाणी, किंवा गांडूळपाणी वापरा. पण तीही बुडख्यापासून लांब ओता आणि महिन्यातून दोनदाच. नत्र जास्त झालं की पानं मऊ, गर्द हिरवी आणि लांबट होतात, दांडे लोळतात आणि मावा हटकून येतो. युरिया घालू नका. निळसर झाक असलेली कडक पानं हे चांगल्या रोपाचं लक्षण.

पहिला बहर ओसरला की

सुकलेलं फूल रोज काढायचं, पण नुसत्या पाकळ्या ओढून नाही. पाकळ्यांखाली नळीसारखं हिरवं आवरण असतं, त्यातच बी धरतं. ते मागे राहिलं की रोप आपली ताकद बियांत घालतं आणि नव्या कळ्या थांबतात. दांडा पानांच्या खालच्या जोडीपर्यंत किंवा पुढच्या कळीपर्यंत कात्रीने कापा.

तीन-चार आठवड्यांनी पहिला बहर विरळ होतो. तेव्हा धीर करून सगळं रोप वरून एक तृतीयांश कापा. हिरवी पानं मागे राहिली पाहिजेत. पार लाकडासारख्या खोडापर्यंत कापलं तर फुटवे येत नाहीत. छाटणीनंतर १९:१९:१९ ची एक मात्रा द्या आणि पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी करा, कारण पानं कमी झाली की रोप पाणीही कमी पितं. जानेवारीच्या मध्यात छाटलेलं रोप फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा फुलतं. फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावर मात्र अशी छाटणी करू नका. वाढत्या उन्हात नवे फुटवे धरत नाहीत. तेव्हा सुकलेली फुलं तेवढी काढत राहा आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या.

कापलेली फुलं पेल्यात आठवडाभर छान राहतात, पाणी दोन दिवसांनी बदललं तर. देवालाही वाहता येतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर रोप त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. ते खाल्लं तर त्यांचं पोट बिघडतं.

रोग आणि किडी

मर रोगाला मी सर्वांत जास्त घाबरतो. रोपाची एकच फांदी किंवा एकच बाजू आधी फिकट होते, पानं वाकडी होऊन सुकतात, मग हळूहळू सगळं रोप जातं. खात्री करायची तर ती फांदी तिरकी कापा. आतल्या बाजूला तपकिरी रेष दिसली की तो फ्युजॅरियम बुरशीचा मर. यावर घरगुती उपाय नाही. रोप मुळांसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या डब्यात नाही. कात्री डेटॉलच्या पाण्यात धुवा आणि त्या कुंडीतल्या मातीत पुन्हा डायँथस लावू नका.

पानांच्या मागे तपकिरी-नारिंगी पुळ्या दिसल्या तर तांबेरा. ती पानं काढा, रोपांत अंतर वाढवा, पानं कोरडी ठेवा. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

जानेवारीअखेर हवा कोरडी होऊ लागली की लाल कोळी येतो. पान वरून पांढुरक्या टिपक्यांनी भरलेलं दिसतं, मागे बारीक जाळी असते. भिंगाखाली धरलं तर पानामागे फिरणारे लालसर ठिपके दिसतात. कीटकनाशकापेक्षा पाण्याचा जोरदार फवारा जास्त उपयोगी. पण बुडखा भिजवायचा नाही, मग कसं? कुंडी आडवी करा, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि पानांच्या मागून सकाळी फवारा मारा. चार दिवसांनी पुन्हा. नंतर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, तोही उमललेल्या फुलांवर न पडेल असा. मावा असेल तर हेच द्रावण चालतं. पाकळ्यांवर पांढऱ्या-तपकिरी रेघा ओढल्यासारख्या दिसल्या तर फुलकिडे. निळे चिकट सापळे कुंडीजवळ टांगा आणि ती फुलं कापून टाका. कळीला गोल भोक दिसलं तर आत अळी आहे, हाताने काढा.

हंगाम संपताना

चायना पिंक नीट जपला तर एका हंगामाहून जास्त जगू शकतो, असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मे सावलीत काढून रोप वाचवलं तरी पावसाळ्याच्या ओलीत ते सहसा कुजतं. तेवढी मेहनत नव्या बियांवर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बी धरायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी चांगल्या रोपावरची पाच-सहा फुलं न काढता ठेवा. आवरण वाळून गवती रंगाचं होतं आणि आतल्या बोंडाचं टोक चार दातांनी उघडतं. तेव्हा दांडा कापून बोंड कागदी पाकिटात उलटं करा. एकेका बोंडातून बऱ्याच काळ्या बिया मिळतात. संकरित वाणाच्या बियांतून मूळ रंग आणि ठेवण तशीच येत नाही, मिश्र रोपं निघतात. साध्या चायना पिंकचं बी बरंचसं आईवर जातं, मात्र शेजारी दुसऱ्या रंगाची रोपं असतील तर त्याही रंगांची सरमिसळ होते. बी आठवडाभर सावलीत वाळवा, पाकिटावर वाण आणि वर्ष लिहा आणि हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

रोपं काढल्यावर कुंडीतली माती फेकू नका. मर लागलेली सोडून बाकीच्या कुंड्यांची माती एकत्र करा, मुळं वेचून काढा, ओलसर करा आणि गच्चीवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखाली चार-पाच इंच जाडीत पसरा. कडा विटांनी दाबून कागद घट्ट बसवा. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे अशी झाकून ठेवली की तिच्यातली बुरशी आणि किडींची अंडी बऱ्याच अंशी मरतात. पावसाळ्याआधी ती पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. गणपतीनंतर त्यात ताजं गांडूळखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा मिसळा. पुढच्या दिवाळीला ती रोपांसाठी तयार असेल.